चबुतऱ्यावरचं इंजिन की धावतं इंजिन? कुडचड्याच्या कट्ट्यावरचा वाद

आमच्यातला धाकटा दिल्लीला इंटर्नशिपला गेला होता, तिथून हरियाणातल्या रेवाडीच्या शेडला जाऊन वाफेचं इंजिन बघून आला, आणि आल्यापासून गोव्यातल्या कुडचडे स्टेशनच्या बाहेर आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. मोबाईलमध्ये सगळे व्हिडिओ त्याचेच. अकबर, म्हणजे डब्ल्यूपी जातीचं 7161 नंबरचं इंजिन, चित्तरंजनला 1965 साली बांधलेलं, समोर ते फुगीर नाक आणि त्यावर चांदणी. गाडी सुटताना पहिले चार ठोके ऐका ऐका म्हणत तो प्रत्येकाच्या कानाला फोन लावत होता. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेरीला चार वेळा श्वास सोडतं, ते त्या व्हिडिओत इतकं स्वच्छ ऐकू येतं की रस ऑम्लेटच्या गाड्यावरची माणसंही वळून बघायला लागली.

भाईने सगळं बघून घेतलं आणि म्हणाला, छान आहे, पण हे चालवायचं कशाला? म्युझियममध्ये ठेवा, वर पत्रे घाला, दरवर्षी रंग मारा, पोरांना दाखवा. साठ वर्षांची वस्तू रुळावर पळवून झिजवायची आणि मग झिजली म्हणून नवीन पार्ट घालायचे, दहा वर्षांनी त्यात जुनं काय उरणार? ह्याला जपणूक म्हणतात का?

हा मुद्दा हलका नाही, हे मी आधीच सांगतो. म्युझियमवाले लोकही जगभर हेच विचारतात. इंग्लंडचं फ्लाइंग स्कॉट्समन 1923 चं, डॉनकास्टरला बांधलेलं, 1934 साली अधिकृतपणे ताशी 100 मैल गाठणारं पहिलं वाफेचं इंजिन, त्याची एक मोठी दुरुस्ती 2006 ला सुरू झाली आणि गाडी परत लाईनवर आली 2016 ला. दहा वर्षं आणि 40 लाख पौंडांच्या वर खर्च, तेव्हा तिथेही हाच आरडाओरडा झाला होता की एवढ्या पैशात काय काय झालं असतं. पण पार्ट बदलण्याबद्दल मी भाईला एवढंच म्हटलं की त्या इंजिनांच्या नोकरीच्या काळातही मोठ्या ओव्हरहॉलला बॉयलर एकाचा काढून दुसऱ्याला बसवायचे, ती रोजची पद्धतच होती. म्हणजे बॉयलर बदलणं हा त्या इंजिनाच्या आयुष्याचाच भाग आहे. मूळ काय जपायचंय ते आधी ठरवूया, लोखंड की ते लोखंड चालवायची अक्कल.

माझं म्हणणं सुरुवातीपासून एकच आहे आणि मी ते सोडणार नाही. चबुतऱ्यावर इंजिन उभं केलं की लोखंड वाचतं, पण काम मरतं. भारतात ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांवरची, वाफेची शेवटची नेहमीची गाडी 6 डिसेंबर 1995 ला जालंधर–फिरोजपूर मार्गावर धावली. त्या दिवशी फावडं मारणारा जो पंचविशीचा पोरगा असेल तो आज पंचावन्नच्या पुढे आहे, रिटायरमेंटच्या दारात. ब्रॉडगेजवर नोकरी म्हणून वाफ शिकलेली ही शेवटची बॅच. ती घरी गेली की उरणार पुस्तकं आणि व्हिडिओ, आणि व्हिडिओ बघून कोणाला आग लावता येत नाही.

इथे अण्णा बोलले. अण्णा तरुणपणी हुबळीकडच्या मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर, फायरमन होते, नंतर डिझेलला गेले, ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. ते एरवी ऐकत बसतात. म्हणाले, भाई, थंड इंजिन पेटवायचं तर आदल्या रात्री सुरुवात करावी लागते, माहितीय तुला? हळूहळू तापवायचं. घाईने तापवलं तर एक भाग आधी फुगतो, दुसरा मागे राहतो, बॉयलरमधल्या ट्यूबा गळायला लागतात. मग आग कशी पसरायची ते. मधे ढीग केला की क्लिंकर, म्हणजे वितळून दगड झालेली राख, धरतो, कडेला पातळ राहिली की थंड हवा आत शिरते आणि प्रेशर पडतं. धूर काळाकुट्ट निघाला की तुम्ही फोटो काढून खूश होता, आमचा ड्रायव्हर मात्र शिव्या घालायचा, कारण काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे फायरमन कच्चा.

मग त्यांनी गेज ग्लासचं, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचं, सांगितलं आणि कट्टा गप्प झाला. घाटात चढताना इंजिनाचं तोंड वर असतं, बॉयलरमधलं पाणी मागे फायरबॉक्सकडे, जिथे आग जळते तिकडे, येतं, ग्लासात भरपूर दिसतं. चढ संपून उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं, आणि फायरबॉक्सचं छत उघडं पडू शकतं. उघडं पडलं की खाली आग, वर पाणी नाही, पत्रा मऊ होतो. तिथे लेड प्लग, म्हणजे शिशाचं बूच, असतो, तो वितळतो आणि वाफ आगीवर सुटते, म्हणजे इंजिन वाचतं पण गाडी अडकते आणि तुमची चौकशी लागते. म्हणून चढ संपायच्या आधीच, बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर कधी लावायचा हे डोक्यात पाहिजे. अण्णा म्हणाले, हे मला कोणी वर्गात नाही शिकवलं, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने माझं मनगट धरून शिकवलं.

मी भाईकडे बघितलं. तो म्हणाला, बरं, हे मानलं, पण मग शेडमध्ये शिकवा, पब्लिकला बसवून फिरवायची गरज काय? मला वाटतं इथेच रेलफॅन लोकांची किंमत कळते. नुसत्या शेडमधल्या शिकवणीला पैसे कोण देणार? गाडी निघणार म्हटलं की तिकीट खपतं, पेपरात येतं, वरच्या साहेबाला ते चालू ठेवावंसं वाटतं. लोड ओढल्याशिवाय फायरमन तयार होत नाही, आणि डबे रिकामे ओढण्यापेक्षा त्यात माणसं बसलेली बरी. रेवाडीची ती शेड 1893 ची, वाफ गेल्यावर ओसाड पडलेली, 2002 ला हेरिटेज म्हणून परत उघडली आणि आज तिथे इंजिनं जिवंत आहेत ती चालवली जातात म्हणूनच.

मास्तरांनी मग वेगळाच फाटा काढला. ते म्हणाले, तुम्ही आता आपल्या लाईनवर अशी गाडी आणा म्हणणार, मला दिसतंय. पण आपली लाईन मीटरगेजची होती. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर ते कॅसलरॉक ही लाईन बांधली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे, 1888 ला पुरी झाली. 1955 च्या भारताच्या नाकेबंदीत सरहद्दीपलीकडची वाहतूक तुटली, मुक्तीनंतर परत जुळली, आणि 90 च्या दशकात ब्रॉडगेज झाली. डब्ल्यूपी हे ब्रॉडगेजचं इंजिन, ते गोव्यात कधी आलंच नाही. ते आणून तुम्ही कुठला इतिहास दाखवणार?

ह्यावर धाकट्याने असं उत्तर दिलं की मला त्याचा अभिमान वाटला. म्हणाला, मास्तर, फेअरी क्वीनचं काय मग? 1855 चं लीड्सला बांधलेलं इंजिन, ईस्ट इंडियन रेल्वेचं 22 नंबर, कामाचा मुलूख बंगाल, हावडा ते राणीगंज. ते 1997 ला परत चालू केलं ते दिल्ली–अलवर मार्गावर, आणि तो मार्ग तर पूर्वी मीटरगेजचा होता, म्हणजे फेअरी क्वीन तिच्या नोकरीच्या काळात तिथे जाऊच शकली नसती. तरी 1998 ला गिनीजने नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून तिचीच नोंद केली. पुढे तिचे पार्ट चोरीला गेले, चेन्नईला पेरांबूरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती झाली, 2017 ला परत धावली. रूळ कुठलाही असो, ती धावली म्हणून पेरांबूरच्या माणसांच्या हातात ते काम राहिलं.

मास्तर हसले आणि म्हणाले, ठीक, पण बोर्डावर लिहा की हे इंजिन इथलं नाही. हे मला शंभर टक्के पटलं. गाडीत एक माणूस माईक घेऊन हेच सांगणारा पाहिजे, की ही लाईन मीटरगेज होती, आणि समोर धावतंय ते पाहुणं आहे. खोटी आठवण विकायची नाही.

घाटाचा विषय निघणारच होता. गोव्यात वाफेची गाडी म्हटलं की सगळ्यांना दूधसागरचा फोटो पाहिजे. धबधबा, पूल, वर धूर. मी स्वतः ह्याच्या विरोधात आहे आणि अण्णा माझ्याहून जास्त. कुळे ते कॅसलरॉक 1:37 चा, म्हणजे 37 मीटरला एक मीटर, चढ आहे, गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावावे लागतात, उतरताना कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. आणि डब्ल्यूपी हे सपाटीवर मेल-एक्स्प्रेस पळवायचं इंजिन, ओढणारे अ‍ॅक्सल तीनच, पावसाने ओल्या झालेल्या रुळावर त्या चढाला ती जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. मग मागे दोन-तीन डिझेल लावणार, आणि पुढचं इंजिन नुसतं शोभेला. तसं करण्यापेक्षा मडगाव–चांदर–सावर्डे–कुळे हा पट्टा घ्या, भाताची शेतं, जुवारीवरचा पूल, इंजिन स्वतःच्या ताकदीने डबे ओढेल. वळवायला टर्नटेबल नाही, येताना टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, पुढे करून यावं लागेल, फोटो कमी चांगले येतील, येऊ देत.

तोवर वास्कोची ताई आली. ती इथल्या शाळेत शिकवते, संध्याकाळची पॅसेंजर पकडायच्या आधी दहा मिनिटं आमच्यात टेकते. तिने पाचच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, तुम्हाला कोळसा जाळायची हौस आलीय? माझ्या घरी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं की काळं होतं. बंदरातल्या कोळशाची धूळ आमची पोरं श्वासात घेतात, आम्ही ‘कोळसो नाका’ म्हणून रस्त्यावर उतरलो, आणि तुम्ही त्याच रुळावर कोळशाचं इंजिन आणून टाळ्या वाजवणार?

धाकट्याने लगेच हिशेब सुरू केला, की ताई, एका मालगाडीत तीन-चार हजार टन कोळसा जातो आणि ह्या इंजिनाच्या टेंडरमध्ये त्याचा चिमूटभर. हिशेब बरोबरच आहे. पण मी त्याला थांबवलं. जिच्या घरात धूळ येते तिला टनांचा हिशेब दाखवणं म्हणजे तिचं म्हणणं न ऐकणं. ताईचा राग खरा आहे आणि वाफेवर प्रेम करणाऱ्यांनी तो आधी ऐकला पाहिजे, नाहीतर आपण आणि बंदरवाले ह्यात लोकांना फरक दिसणार नाही. म्हणून मी म्हटलं की वास्कोपर्यंत गाडी नेऊच नये. आणि तेलावर चालवण्याचा विचार करावा. निलगिरीच्या रॅक लाईनवरच्या, म्हणजे दातेरी रुळाच्या घाटातल्या, एक्स क्लासच्या काही इंजिनांना तेलाचेच बर्नर आहेत, त्रिचीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने ती नव्याने बांधली. अमेरिकेत युनियन पॅसिफिकने बिग बॉय 4014, 1941 चं अजस्त्र धूड, 2019 ला परत चालू केलं तेव्हा कोळशावरून तेलावर आणलं. तेलाचा दुसरा फायदा म्हणजे ठिणग्या उडत नाहीत. आपल्याकडे मार्च-एप्रिलला रुळाकडेचं गवत वाळलेलं असतं, शेजारी काजूच्या बागा, एक ठिणगी पडली तर एखाद्याचं वर्षाचं पीक जाईल.

अण्णांना तेल अजिबात आवडलं नाही. म्हणाले, तेलाला फावडं नाही, मग शिकणार काय? आणि माझ्याच मुद्द्याने मला पकडलं. मी म्हटलं, बॉयलर तोच, पाणी तेच, गेज ग्लास तोच, शिकण्यासारखं खूप उरतं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. ताई उठता उठता म्हणाली, तेलाचं आणि मडगाव ते कुळे एवढंच असेल तर शाळेची पोरं मी घेऊन येते, पण धुराच्या बाजूला उभी करणार नाही.

शेवटचा वाद गर्दीचा झाला आणि ह्यात सगळे एका बाजूला होते, धाकटा सोडून. त्याला रुळाच्या जवळून, खालून अँगल पाहिजे. मी त्याला फ्लाइंग स्कॉट्समनचं सांगितलं, 2016 ला लंडनहून यॉर्कला पहिल्या फेरीला निघाली आणि सेंट निओट्सजवळ लोक रुळावर उतरले म्हणून थांबवावी लागली. आणि जून 2024, मेक्सिको. कॅनडाहून निघालेलं एम्प्रेस 2816, 1930 चं इंजिन, लोक दुतर्फा उभे, एक बाई सेल्फीसाठी रुळाशी वाकली आणि इंजिनाने तिला उडवलं. जागीच गेली. डिझेलची सवय असलेल्या माणसाला वाफेच्या इंजिनाच्या रुंदीचा आणि बाहेर फिरणाऱ्या रॉडचा अंदाज येत नाही. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही.

पत्र लिहायचं ठरलंय, रेल्वेला. मसुदा मास्तर करणार. त्यात मडगाव ते कुळे, पावसाळ्यानंतर नोव्हेंबर ते जानेवारी, घाट नाही, वास्को नाही, जमल्यास तेलावर. चांदर आणि सावर्डेला प्लॅटफॉर्मवर दोरी बांधून उभं राहायची जागा, बाकी कुठेही रुळाशी माणूस नको. भाईने एक वाक्य घालायला लावलं की बदललेला प्रत्येक मूळ पार्ट जपून ठेवावा आणि त्याची नोंद लोकांना बघायला मिळावी, आणि ते वाक्य खरंच चांगलं आहे. अण्णांची अट एकच, प्रत्येक फेरीला फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे, एक तिशीच्या आतला पोरगा शिकाऊ म्हणून पाहिजे, नाहीतर ते सही करणार नाहीत. मास्तर ही अट शेवटी टाकत होते, अण्णांनी ती पहिल्या नंबरला घ्यायला लावली.