घर कोण बघणार आणि स्वेटर कोण विणणार?

लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जाणार हे जाहीर झाल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातायत. एक, "घर कोण बघणार?" आणि दुसरा, "जायच्या आधी माझं तेवढं विणून देशील ना?" पहिला विचारणाऱ्यांना वाटतं माझ्यावाचून घर चालणार नाही. दुसरा विचारणाऱ्यांना वाटतं मला घरात काही कामच नाही. गंमत अशी की बऱ्याचदा हे दोन्ही प्रश्न एकाच तोंडातून, एकाच फोनवर येतात. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला नको.

घराचं आधी सांगते. आमचे हे इथे नाशिकला सातपूरच्या कंपनीत होते तेव्हा कामासाठी महिना महिना चेन्नईला जाऊन राहायचे. "घर कोण बघणार" असं तेव्हा त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. "तिकडे जेवणाचे हाल होत असतील ना हो?" एवढं मात्र सगळे कळवळून विचारायचे. आता मी निघाले तर सोसायटीच्या वॉचमनपासून मामेसासूबाईंपर्यंत सगळ्यांना घोर लागलाय. अहो, घरात राहतात तेच घर बघतील! यांनी एक एक्सेल शीट केली आहे. सिलिंडर, दूध, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, मावशींच्या सुट्ट्या, सगळ्याला वेगवेगळे रकाने. 'पोळ्या' या रकान्यात 'मावशी किंवा बाहेरून' असं लिहिलंय. चालेल. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पण त्यांचं म्हणणं सरळ आहे: "तू जा गं निवांत. मी बघते याच्याकडे."

व्हिसाच्या कागदांचं पुराण सांगत नाही, ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना ते पाठ असतं. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम म्हणजे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं. त्यामुळे तीन महिने मी आणि मी परतले की विहीणबाई, अशी पाळी लावली आहे. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, व्हिसाची फी २०२४च्या जूनपासून ९० युरो झाली आहे. व्हिसासाठी मुंबईला गेले तेव्हा सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये खिडकी मिळाली आणि कल्याण येईपर्यंत एका छोट्या मोज्याची टाच वळवून झाली. समोरच्या काकांनी "छान टाइमपास आहे हो तुमचा" असं कौतुकही केलं.

तर या टाइमपासबद्दलच मला बोलायचं आहे.

विणणाऱ्या बाईकडे मोकळा वेळ असतो, असा एक पक्का समज आपल्याकडे आहे. आम्ही बसून विणतो ना, मग बसलेली बाई रिकामीच दिसते. सासूबाईंच्या वयाच्या बायका शेंगा सोलत, लसूण निवडत बसायच्या ते काम, आणि सुया हातात घेतल्या की हौस. वेळ मोकळा नसतो हो, तो काढलेला असतो. दुपारी सासूबाई पडल्यावरचा तासभर, रात्री यांच्या बातम्या चालू असतानाचा अर्धा तास, बँकेतली रांग, दवाखान्यातला नंबर. सध्या सिंहस्थाच्या कामांनी नाशिकचे रस्ते असे खोदून ठेवलेत की रिक्षातसुद्धा चार ओळी सहज होतात. त्यातही ट्रॅफिक अडला पाहिजे. रिक्षा चालू असताना विणायचं नाही, एका खड्ड्यात तीन टाके सुटतात.

एकदा हिशेब मांडूनच बघा. मध्यम जाडीच्या लोकरीचा, मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा साधा स्वेटर घेऊ. दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी धरा. पाठ ५० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब, म्हणजे ११० टाक्यांच्या १६८ ओळी. एकट्या पाठीचे साडेअठरा हजार टाके झाले. पुढचा भाग तेवढाच, आणि दोन्ही बाह्या मिळून आणखी एकोणीस हजारांच्या आसपास. गळ्याशी, काखेशी कमी होणारे टाके वजा केले तरी पन्नास हजारांच्या वरच राहतात. मिनिटाला पंचवीस टाक्यांचा वेग चांगला समजा, तरी पस्तीस-चाळीस तास झाले. यात उसवणं धरलेलं नाही, आणि "गळा जरा मोठा कर ना" हेही धरलेलं नाही.

आणि मग समोरून काय येतं? "लोकरीचे पैसे देईन हं मी!" फार उपकार झाले. आमच्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणी घ्यायला जाणाऱ्या बायका मागाशी उभ्या राहून "किती महिने लागले हो हिला?" असं आदराने विचारतात, किंमत ऐकून मान डोलावतात, फोटो काढतात. तीच बाई माझ्याकडे येऊन म्हणते, "मेन रोडला पाचशेला मिळतं असं." मिळतं ना. मग घे तिथून. मी अजिबात रागावणार नाही. मशीनचा स्वेटर वाईट असतो असंही माझं म्हणणं नाही, आमच्या घरातही आहेत. हाताने विणलेलं हवं असेल तर हाताचे तास मोजावे लागतील, एवढंच.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "तू काय बाई पैशासाठी करतेस का!" करते. पैशासाठीही करते. आवड आहे म्हणून काम फुकट करावं असं डॉक्टरांना कुणी म्हणत नाही.

आता बाळाचं. इथे मात्र मी एक पैसा न घेता रात्री जागतेय, आणि इथेही माझी डाळ सहजी शिजलेली नाही. माझ्या डोक्यात आपला पारंपरिक बाळंतविडा होता: टोपडी, झबली, पायमोजे आणि जाळीची नक्षी असलेली दोन मोठी दुपटी. लेकीला व्हिडिओ कॉलवर नक्षी दाखवली तर ती म्हणाली, "आई, दुपटी नको आणूस. आणि टोपडं झोपताना घालायचं नाहीये." शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या हातातली जपमाळच थांबली. "टाळू उघडी ठेवून झोपवणार? जर्मनीच्या थंडीत?"

मग लेकीने तिकडची पद्धत समजावून सांगितली. तिथे बाळाला पाठीवर, त्याच्या स्वतःच्या पाळण्यात झोपवतात. अंगावर पांघरूण नाही, बिनबाह्यांची झोपायची पिशवी घालतात. खोली १६ ते १८ अंशांवर ठेवायची आणि डोकं उघडं. कारण असं की तान्ह्या बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर जाते. टोपी घातली की ती कोंडते, आणि सैल पांघरूण तोंडावर येण्याची भीती असते. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू टाळण्यासाठी हे नियम आहेत. बाहेर फिरायला नेताना मात्र टोपी पाहिजेच. बाळंतपणानंतर सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघते, तिला ते हेबामे म्हणतात, आणि पहिल्या १२ आठवड्यांतल्या तिच्या भेटींचा खर्च तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून होतो. हे ऐकल्यावर सासूबाई जरा विरघळल्या. सुईण घरी येते म्हटल्यावर तो देश त्यांना बराच ओळखीचा वाटायला लागला असावा.

मला ते पटलं, कारण त्यामागे कारण होतं. "तिकडे सगळं मिळतं, कशाला विणतेस?" हे मात्र मला कधीच पटलेलं नाही, आणि ते लेक म्हणत नाही, इथल्या बायकाच म्हणतात. सगळं मिळतं म्हणून आपण डिंकाचे लाडू करायचे थांबतो का? (लाडवांचा विषय निघालाच आहे तर, बाहेरून सामानातून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. घरचं कढवलेलं तूप घरीच राहणार. या एका नियमावर सासूबाई अजूनही विरघळलेल्या नाहीत.)

दुपटी बाद झाली, मग जाळीची नक्षीही बाद केली, कारण तान्ह्याची बोटं भोकांत अडकतात. गळ्याशी रेशमी नाडी नाही. बटणं पुढे, दोन-दोनदा शिवलेली, ओढून बघितलेली. आता उरलंय ते असं: पुढे पूर्ण उघडणारं, गळ्यापासून खाली विणत आणलेलं जाकीट, बाहेर जाताना घालायच्या टोप्या, आणि मोजे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, पण डोकं भराभर वाढतं, म्हणून टोपीची कड दोन सुलट दोन उलट, चांगली ताणणारी.

लोकरीवरून वेगळीच चर्चा झाली. आपण दुकानात जाऊन "लोकर द्या" म्हणतो आणि बहुतेक वेळा घरी ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, आणतो. धुवायला सोपं, रंग झकास, नाशिकच्या थंडीला पुरेसं. निफाडला पारा उतरून द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ आली तरी आपण दोन थर घालून निभावतो. पण ॲक्रिलिकच्या आत घाम आला की अंग ओलसर लागतं. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के दमटपणा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. म्हणूनच तिकडे तान्ह्या बाळाच्या अंगाला लागून असलेले कपडेसुद्धा लोकर आणि रेशमाच्या मिश्रणाचे असतात. ऐकून मला आधी टोचल्यासारखंच झालं, कारण आपल्याला खरी लोकर म्हणजे घोंगडी माहीत. सिन्नरकडे धनगरांचे कळप दिसतात ती आपली दख्खनी मेंढी. तिची लोकर जाड, राठ, पावसात घोंगडी पांघरायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण बाळाच्या गळ्याशी नको. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू फार बारीक असतो, वाकतो, म्हणून टोचत नाही.

तेव्हा मेरिनोच घेतली, तीही मशीनमध्ये धुता येणारी. साधी खरी लोकर गरम पाण्यात चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कपडा आक्रसून नमद्यासारखा होतो. रात्रभर जागलेली बाळंतीण काही कोमट पाण्यात हाताने स्वेटर धुणार नाही, आणि माझ्या जावईबापूंवर माझा तेवढा विश्वास नाही.

विणकाम करणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. नवीन मुली यूट्यूबवर बघून विणतात आणि मग "ताई, माप का चुकलं" असं विचारतात. आपल्या दुकानातले सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरची. आपली १० नंबर म्हणजे सव्वातीन. तेव्हा नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा. जर्मन लोक सरळ मिलिमीटरच लिहितात, त्यांचं मला हे फार आवडलं. दुसरं, लोकर घेताना गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) जुळवून एकदमच घ्या. रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की बाहीवर पट्टा दिसतो.

विमानात सुया नेऊ देतात का, हे मला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकीने वेगवेगळं सांगितलंय. एकीच्या नेऊ दिल्या, दुसरीच्या काढून घेतल्या. शेवटी तपासणीला उभ्या असलेल्या माणसाची मर्जी. म्हणून लांब धातूच्या सुया मोठ्या बॅगेत, आणि हातात बांबूची आखूड गोल सुई, म्हणजे मधे लवचिक तारेने जोडलेली सुयांची जोडी. शिवाय निघायच्या आदल्या रात्री सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून पांढरा सुती दोरा ओवून घेणार. मोठ्या डोळ्याची बोथट सुई घ्यायची आणि एकेक टाक्यातून दोरा काढत जायचा. त्यात लोकरीचा धागा टोचू द्यायचा नाही, नाहीतर नंतर दोरा निघत नाही. मग दोन्ही टोकं लांब सोडून गाठ मारायची. सुई काढून घेतलीच तर घेऊ देत. टाके दोऱ्यावर जिथल्या तिथे राहतात, तिकडे पोचल्यावर नवीन सुईवर उचलून घ्यायचे. जर्मनीत अल्टेना नावाच्या गावात १८२९ पासून सुया करणारी कंपनी आहे, आडी नावाने त्यांच्या सुया जगभर विकतात. खरं सांगायचं तर सुई काढून घेतली तर मला फार दुःख होणार नाही.

आणखी एक ठरवलंय, आणि यावरून घरात थोडी कुरबुर आहे. बॅगेत २३ किलोंपैकी दीड किलो जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली आहे. गडद जांभळी लोकर, माझ्या मापाचा स्वेटर. एवढी वर्षं घरातल्या, सोसायटीतल्या, भाच्या-पुतण्यांच्या पोरांचं विणलं, स्वतःसाठी पूर्ण स्वेटर कधी सुईवर चढलाच नाही. नणंदबाई म्हणाल्या, "बाळंतपणाला चाललीस की विणायला?" दोन्हीला, वन्सं. बाळ झोपल्यावर बाळाच्या आजीने काय करायचं, याचा नियम अजून कुठल्या दूतावासाने काढलेला नाही. तिकडच्या बायका धागा डाव्या हातात धरून विणतात, उजव्या हाताला नुसती सुई फिरवायची. झरझर होतं म्हणे. तेही शिकून यायचा विचार आहे.

तर मंडळी, नवीन ऑर्डरी बंद. परत आल्यावर घेईन, तेव्हा दर तासांच्या हिशेबाने सांगेन, आणि त्यातून कमी होणार नाही. ज्यांनी 'सवड मिळाली की कर' म्हणून लोकर आणून ठेवली आहे, त्यांनी आपापल्या पिशव्या या आठवड्यात घेऊन जाव्यात, नावं लिहून दाराजवळच्या कपाटात ठेवल्या आहेत. दुपारी दोन ते चार सासूबाई झोपतात, तेव्हा बेल वाजवू नये. आणि यांच्याकडे निरोप ठेवू नये, एक्सेलमध्ये त्याला रकाना नाहीये.