बुबुळ बदललं की दुसऱ्या दिवशी दिसतं?

गेले पंधरा दिवस आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'केराटोकोनसला घाबरू नका. नवी टेक्निक आली आहे. बुबुळ बदललं की मोतीबिंदूसारखं दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं, चष्मा कायमचा सुटतो. महिन्याभरात दिसलं नाही तर ऑपरेशन फसलं समजा, ड्रॉपवर पैसे घालवू नका.' केराटोकोनस म्हणजे डोळ्याची पुढची काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखी फुगण्याचा आजार; मेसेजमधलं 'बुबुळ' म्हणजे हीच काच. माझ्या धाकट्या भावाचं हे ऑपरेशन झालंय. त्या शेवटच्या वाक्यापायी कुणाचा तरी डोळा जाईल, म्हणून लिहितोय.

आधी 'नवी टेक्निक'. कॉर्निया बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली केलं. त्या मानाने नवी म्हणजे 'डाल्क': यात कॉर्नियाचा सर्वांत आतला थर रुग्णाचाच ठेवतात, त्यामुळे शरीराने नवा पडदा, म्हणजे नेत्रदात्याची कॉर्निया, नाकारण्याचा धोका कमी होतो. टाके मात्र त्यातही पडतात.

मोतीबिंदूशी तुलनाच चूक. तिथे गढूळ भिंग काढून मोजूनमापून नवं बसवतात, बहुतेकदा एकही टाका नसतो. केराटोकोनसमध्ये बिघडते ती कॉर्निया. निरोगी माणसात ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिचा मधला साधारण ८ मिलिमीटरचा गोल काढून नेत्रदात्याचा गोल शिवतात. भावाला १६ टाके होते. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवले: सायकलच्या आऱ्यांसारखे, केसाहून बारीक. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जखम सावकाश भरते आणि टाके वर्षभर, कधी त्याहून जास्त ठेवावे लागतात. बाजेची दोरी एकीकडून जास्त ताणली की सगळी वीण तिरकी होते, तसं एक टाका घट्ट असला तरी दिसणं वेडंवाकडं होतं.

तिसऱ्या महिन्यात ओसरीतला एक बल्ब त्याला तीन दिसायचा. आई रोज संध्याकाळी बोटं दाखवून विचारायची, "किती हायेत, सांग." ऑपरेशन फसलं नव्हतं. दहाव्या महिन्यापासून टाके काढायला लागले, दरवेळी नंबर बदलला. नजर स्थिरावायला दीड वर्ष गेलं.

चष्मा सुटतो? त्याला आज कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते. ती लावून तो एस.टी.ची पाटी लांबून वाचतो. पुष्कळांचं तर ऑपरेशनाशिवाय नुसत्या लेन्सवर भागतं, आणि आजार वाढत असेल तर क्रॉसलिंकिंगने, म्हणजे कॉर्निया बळकट करणाऱ्या उपचाराने, थांबवता येतो. पोरगं सारखे डोळे चोळत असेल, नंबर सारखा बदलत असेल, तर कॉर्नियाची तपासणी करून घ्या.

आता ड्रॉप. पडदा नाकारला जाऊ नये म्हणून स्टिरॉइडचे ड्रॉप असतात. चौदाव्या महिन्यात, सोयाबीन काढणीच्या धांदलीत, बरं वाटतंय म्हणून भावाने ते बंद केले. काही दिवसांत डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं. सगळे म्हणाले, मळणीचा भुसा गेला असेल. आम्ही पहाटेच्या गाडीने नागपूर गाठलं. दर तासाला ड्रॉप घालावे लागले, पण पडदा वाचला. हा धोका कित्येक वर्षांनीही येऊ शकतो. मनाने ड्रॉप वाढवणंही वाईट, त्याने डोळ्यातला दाब चढतो.

लाली, उजेड न सोसणं, दुखणं, धूसर दिसणं: यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दवाखाना. भावाने हे माठाच्या वरच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलंय. दिवाळीला घर रंगवताना आईने तेवढी जागा सोडायला लावली.