झांझिबारची आयआयटी आणि मामांचा फॉरवर्ड

‘तुमच्या करातून आफ्रिकेत आयआयटी! आपल्या पोरांच्या जागा कापल्या! जिथं वीज नाही, विद्यापीठ नाही, तिथं कॉम्प्युटर शिकवणार! शिकून ते युरोपला पळणार!’ हा मेसेज मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. एरवी सोडून दिलं असतं. पण लातूरला जेईईची तयारी करणाऱ्या मामेभावानं लगेच विचारलं, “जागा किती कमी झाल्या?”

एकही नाही रे बाबा. आयआयटी मद्रासचा झांझिबार कॅम्पस (झांझिबार म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाचं बेट) २०२३ मध्ये सुरू झाला. तिथला प्रवेश जेईईतून होतच नाही. वेगळी चाळणी परीक्षा आणि मुलाखत असते. चेन्नईतल्या जागा जिथल्या तिथं आहेत. उलट झांझिबारला भारतीय मुलांनाही अर्ज करता येतो. बारावीच्या वर्षात पोराच्या डोक्यात हे भूत घालून कुणाचं भलं झालं?

कराचं म्हणाल तर आयआयटी मद्रासनं सुरुवातीलाच जाहीर केलं होतं : अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांची निवड आणि शिकवणं आमच्याकडे, भांडवली आणि चालू खर्च झांझिबार-टांझानिया सरकारकडे. म्हणजे पैसे ते देताहेत. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढंही वाचलं नाही.

आता ‘विद्यापीठ नाही’. इथं मात्र हसावं की रडावं कळेना. आफ्रिकेत ५४ देश आहेत, याला ते एक गाव वाटतंय. युगांडातलं मकेरेरे विद्यापीठ १९२२ चं. मामा जिथले पदवीधर, ते पुणे विद्यापीठ १९४९ चं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं रवांडात किगालीला २०११ मध्येच केंद्र काढलं, आयआयटीच्या बारा वर्षं आधी. केनियात न्येरीच्या विद्यापीठात २०१५ मध्ये डेटा सायन्सची कार्यशाळा भरली आणि तिथून हा उपक्रम देशोदेशी फिरतो आहे.

विजेचं अर्धं खरं आहे. सहाराच्या दक्षिणेला सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही, आणि हा आकडा लहान नाही. पण म्हणून तिथं कॉम्प्युटर शिकू नये? मकेरेरेच्या संगणक विभागातल्या लोकांनी ‘एअरक्यू’ नावाची हवा मोजणारी स्वस्त यंत्रं बनवली. ती सौरऊर्जेवरही चालतात, युगांडाच्या राजधानीतली, कंपालातली धूळ आणि उकाडा सोसतात, आणि काही तर बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलींवर बसवून शहरभर फिरवली. बाहेरून आणलेली महागडी यंत्रं परवडत नाहीत आणि वीज कधीही जाते, हे रोज भोगणाऱ्यांनाच असलं यंत्र सुचतं. आपल्याकडे भारनियमनात वाढलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागावं, कमाल आहे.

राहिलं युरोपला पळणं. जातात, बरेच जातात, नाकारत नाही. (आपल्या आयआयटीवाल्यांचं काय, हे मामांनीच सांगावं.) पण त्याला उतारा म्हणून घराजवळच चांगलं शिक्षण द्यायचं नाही, तर काय करायचं? टांझानियातल्याच दार-ए-सलाम शहरातल्या मुलीला डेटा सायन्समधल्या एम. टेक.साठी आता विमान पकडावं लागत नाही. बोटीनं दोनेक तासांत झांझिबार येतं.