कवळीवर प्लाझ्मा मारला की बुरशी कायमची जाते? नाही ओ, तसं नाही

आमच्या राजारामपुरीतल्या घरच्या ग्रुपवर चार दिवस एकच मेसेज फिरतोय, "कोल्ड प्लाझ्मानं कवळीवरची बुरशी एका मिनिटात कायमची मरते, घासायची गरज नाही, रात्री तोंडातच ठेवा, घरगुती मशीन मागवा", आणि आत्यानं ते वाचून खरंच ब्रश बाजूला ठेवला, म्हणून लिहितोय.

आधी यातलं खरं सांगतो. कोल्ड प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, वीज सोडून तयार केलेला गॅस) ही थाप नाही. हेलियम, आरगॉन नाहीतर साध्या हवेतनं वीज सोडली की इलेक्ट्रॉन तापतात पण गॅस फारसा तापत नाही, त्यामुळं कवळीचं अ‍ॅक्रिलिक वाकत नाही (उकळत्या पाण्यात वाकतं, ते करू नका). त्यातनं ऑक्सिजन-नायट्रोजनचे जे जहाल कण तयार होतात ते कॅन्डिडा बुरशीच्या पेशी फोडतात. लॅबमध्ये हे दिसलंय.

पण "कायमची"? इथंच सगळं चुकतंय. कवळीवर बुरशी सुटी नसते, ती स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात दडून बसते, प्लाझ्मा वरवरच्या पेशी मारतो, खालच्या वाचतात आणि परत वाढतात. शिवाय लॅबमधले प्रयोग बहुतेक अ‍ॅक्रिलिकच्या छोट्या सपाट चकत्यांवर होतात, खऱ्या कवळीला खाचा असतात, कुणाच्या आत मऊ लायनर (गादीसारखा थर) असतं. आणि कॅन्डिडा टाळूवर, जिभेवर पण असतेच की, साफ केलेली कवळी तोंडात घातली की ती परत चिकटणारच.

"घासायचं नाही" तर लईच चुकीचं. मेलेला थरसुद्धा तिथंच राहतो आणि त्यावर नवीन बुरशी सहज बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण घ्या, टूथपेस्ट नको, तिनं ओरखडे पडतात आणि बुरशीला तेच पायजे असतं.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. झोपेत लाळ कमी होते, वर कवळी तशीच असली की टाळू सुजतो.

मशीनचं म्हणाल तर हवेतल्या प्लाझ्मात ओझोन तयार होतो, तो फुफ्फुसाला त्रास देतो आणि आत्याला दमा आहे.

महिनाभर आत्या म्हणत होती तांबडा रस्सा टाळूला झोंबतोय, आम्हाला वाटलं तिखट जास्त पडलं. काल टॉर्च मारून बघितलं, कवळीच्या खाली सगळा टाळू लालभडक. उद्या तिला डेंटिस्टकडे नेतोय, कवळी आणि शुगरचा रिपोर्ट दोन्ही घेऊन.