‘आयतं मिळालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वकील आणि पुढे न्यायाधीश झालेल्या कॉन्स्टन्स बेकर मॉटलींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘बाई, जरा अभ्यास करून लिहीत जा. पहिली कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश ही नव्हेच. एका धनिकाने फी भरली, राष्ट्राध्यक्षाने खुर्ची दिली, सगळं आयतं. आणि न्यायाधीश म्हणून तिने केलं काय, यावर लेखात अवाक्षर नाही.’

आधी चूक कबूल. जेन बोलिन १९३९ सालीच न्यूयॉर्क शहरात न्यायाधीश झाल्या होत्या. मॉटली १९६६ साली झाल्या त्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात. शीर्षकात ‘फेडरल’ राहून गेलं होतं, आता घातलंय. पण एवढं सांगायला ‘बाई’ कशाला हो लागतं? पुरुषाच्या ब्लॉगवर ‘बुवा, अभ्यास करा’ असं लिहिता का तुम्ही?

आता ते ‘आयतं’. मॉटलींचे वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंपाक करायचे. मुलीला कॉलेजात घालायला पैसे नव्हते. न्यू हेवनच्या एका सभेत ती स्पष्ट बोलली, ते ऐकून क्लॅरन्स ब्लेकस्ली या उद्योजकाने शिक्षणाचा खर्च उचलला. बरं, उचलला. पण जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला फक्त गोऱ्यांच्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून तिथल्या कोर्टात उभं राहायला ब्लेकस्ली गेले नव्हते. वकील म्हणून मॉटलींनी सर्वोच्च न्यायालयात दहा खटले लढवून नऊ जिंकले, तेही फीच्या पावतीवर नव्हे. आणि खुर्ची? राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी जानेवारीत नाव सुचवलं. सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष ईस्टलँड, तेही मिसिसिपीचेच, त्यांनी अडवून धरलं. मंजुरी मिळाली ऑगस्टच्या अखेरीस. आयतं असं असतं होय?

माझे वडीलही आचारी, होस्टेलच्या मेसमध्ये. माझी कॉलेजची फी गावातल्या एका अडत्याने भरली. दर जूनला गुणपत्रिका घेऊन पेढीवर जायचं, शेटजी वहीतून मान वर काढेपर्यंत दाराशी उभं राहायचं. मग मुनीमजी थुंकी लावून नोटा मोजायचे, पाकिटात घालायचे आणि वर माझं नाव लिहायचे. पाच वर्षं चुकीचंच लिहिलं. मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण पाकीट हवं होतं. तेव्हा कुणाची फी कुणी भरली म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

राहिला तुमचा तिसरा मुद्दा. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. महिला क्रीडापत्रकारांना यांकी स्टेडियमवर खेळाडूंच्या खोलीत जाऊ द्या, हा १९७८ चा निकाल त्यांचाच. बाकीचे शोधा, अभ्यासाची आवड आहेच तुम्हाला.

पुढच्या खेपेला ‘बाई’ नको. माझं नाव लेखावर आहे, आणि तिथे ते बरोबर लिहिलेलं आहे.