टीम प्लेऑफला नाही म्हणून एमव्हीपी नाही? हे काय पटत नाही बुवा

दर सप्टेंबरला ही पोस्ट फिरते, यंदा तर आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर पण आली, जिथे बेसबॉल बघणारे आम्ही मोजून तीन जण. म्हणणं काय, तर ज्याची टीम प्लेऑफला जात नाही तो कसला एमव्हीपी, म्हणजे सीझनचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर, हरणाऱ्या टीममध्ये प्रेशर नसतं, खरा कस शेवटच्या महिन्यात लागतो. आणि पुरावा म्हणून अमेरिकन लीगचं २०१२ साल, जेव्हा कॅब्रेरा की ट्राउट यात एमव्हीपी कॅब्रेराला मिळाला: कॅब्रेराने डेट्रॉइटला प्लेऑफला नेलं, ट्राउटची एंजल्स घरी बसली, विषय संपला.

संपला कुठे भाऊ. त्या वर्षी डेट्रॉइट जिंकलं ८८ मॅच आणि एंजल्स ८९. हो, एक जास्तच. पण लीगचे गट असतात, त्यांना डिव्हिजन म्हणतात, आणि गटात पहिला तो थेट प्लेऑफला. डेट्रॉइटच्या डिव्हिजनमध्ये ८८ला पहिला नंबर मिळाला, तिथे मध्य सप्टेंबरपर्यंत शिकागो व्हाइट सॉक्स तीन मॅचने पुढे होते आणि नंतर स्वतःच घसरले. एंजल्सच्या डिव्हिजनमध्ये ओकलंड ९४ आणि टेक्सास ९३. आता यात ट्राउटने नक्की काय कमी केलं ते मला कोणीतरी सांगा, कारण कुठली टीम कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे हे काही तो ठरवत नाही.

त्याच सीझनचा शेवटचा दिवस घ्या. ओकलंड विरुद्ध टेक्सास, जो जिंकेल त्याची डिव्हिजन, चौथ्या इनिंगला ५-५. सेस्पेडेसचा सेंटर फील्डला अगदी साधा उडालेला बॉल, हॅमिल्टन पुढे धावत आला, बॉल ग्लव्हला लागून खाली, दोन रन. शेवटी १२-५. टेक्सास वाइल्ड कार्डच्या, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्या दोन सर्वोत्तम टीमच्या, एका मॅचमध्ये ढकललं गेलं आणि तिथे बाल्टिमोरकडून हरून बाहेर. आता हा तमाशा बघणाऱ्या, टेक्सासचा तिसरा बेस सांभाळणाऱ्या बेल्ट्रेची सहा महिन्यांची किंमत त्या सुटलेल्या कॅचने कमी झाली का? पोस्टचं लॉजिक लावलं तर थोडीफार झाली म्हणायची.

प्रेशरचा मुद्दा तर मला सगळ्यात फालतू वाटतो. २८ एप्रिलला ट्राउटला मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या लीगमधून, वर बोलावलं तेव्हा एंजल्स ६-१४ वर होते, म्हणजे सहा विजय, चौदा पराभव, दहा वर्षांचा करार करून आणलेल्या पुहोल्सचा एप्रिलभर एक होमरन नाही, आणि या पोराचं वय वीस. तिथून पुढे टीम ८३-५९. हे सगळं एकट्याने केलं असं मी म्हणत नाही, पण त्या पहिल्या वीस मॅच नुसत्या १०-१० झाल्या असत्या तरी एंजल्स ९३ वर, म्हणजे वाइल्ड कार्डसाठी टेक्सास आणि बाल्टिमोरच्या बरोबरीला. म्हणजे टीम बाहेर राहिली ती बऱ्याच अंशी तो मायनर लीगमध्ये असतानाच्या हिशोबावर, आणि बिल फाडलं त्याच्या नावावर! मी तेव्हा डोंबिवलीहून फास्ट पकडायचो, एंजल्सची घरची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसातच्या सुमारास सुरू व्हायची, व्हिडिओ परवडायचा नाही म्हणून मोबाईलवर नुसता स्कोर. पारसिकच्या बोगद्यात नेट गेलं तेव्हा ट्राउट पहिल्या बेसवर, बाहेर आलो तर दुसऱ्यावर, असं कितीदा तरी झालं. त्या वर्षी ४९ बेस चोरले त्याने, म्हणजे पुढच्या बॅट्समनने बॉल मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला.

सप्टेंबरचं म्हणाल तर मान्य, शेवटच्या महिन्यात कॅब्रेराची बॅट जास्त चालली. पण एप्रिलमधला विजय टेबलात अर्धा धरतात का?

आणि कॅब्रेराला दिलं म्हणून माझी तक्रार नाहीये, गैरसमज नको. .३३० सरासरी, ४४ होमरन, १३९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), तिन्हीत लीगमध्ये पहिला म्हणजे ट्रिपल क्राउन, १९६७च्या यास्त्रेम्स्कीनंतर पहिल्यांदाच. मत देणाऱ्या २८ पत्रकारांपैकी २२ जणांची पहिली मतं त्याला पडली. मी असतो तर ट्राउटला दिलं असतं, फील्डिंग आणि बेसवरचं पळणं धरून, त्यावर वाद घालू की, रात्रभर घालू. पण "टीम प्लेऑफला गेली" हे कारण द्यायचं असेल तर आधी मतपत्रिका वाचा. बेसबॉल रायटर्सच्या संघटनेने त्यावर सरळ लिहिलंय की एमव्हीपी प्लेऑफला गेलेल्या टीमचाच हवा असं काही नाही. मतं पण प्लेऑफ सुरू व्हायच्या आधीच देऊन होतात. एंजल्सच्याच ओहतानीला २०२१ आणि २०२३ला एकमताने मिळाला, दोन्ही वर्षी टीम जिंकली त्यापेक्षा जास्त हरली होती.

या लॉजिकची खरी गंमत २०१४ला दिसते. तोच ट्राउट, सरासरी .३२६ वरून .२८७ वर आलेली, बेस चोरले फक्त १६, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) १८४, अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण एंजल्स ९८ मॅच जिंकून प्लेऑफला गेले. एमव्हीपी, एकमताने.

बाकी ग्रुपवर त्या पोस्टला अंगठे देणाऱ्यांसाठी एवढंच, की २०१९ची आयपीएल आठवा. लीगची शेवटची मॅच, वानखेडे, आपल्या मुंबईने कोलकात्याला नऊ विकेटने हरवून प्लेऑफच्या बाहेर काढलं, आणि सीझनचा एमव्हीपी कोण, तर कोलकात्याचाच रसेल. तिथे मतदान नसतं, पॉइंट मोजतात, माहितीये मला. पण तेव्हा ग्रुपवर एकानेही हूं की चूं केलं नव्हतं.