बॅटरी नसलेला पेन म्हणे मुलांच्या हातातली वीज खेचतो!

सांगलीहून ताईचा मेसेज आला. "हे वाच रे. टॅब परत करू का? परवापर्यंतच परत घेतात." खाली तो फॉरवर्ड. वर लाल त्रिकोण, 'पालकांनो सावधान', आणि शेवटी हात जोडलेले. भाचीने वर्षभर मागे लागून मिळवलेला छोटा ड्रॉइंग टॅब (लॅपटॉपला जोडायची बिनपडद्याची पाटी, तिच्यावर पेन फिरवला की रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते), खोका फोडून दोन दिवस झाले नव्हते. हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता तेव्हा मी गप्प बसलो. शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर आला तेव्हाही बसलो. पण लग्नपत्रिका, मुखपृष्ठं आणि दुकानांच्या पाट्या याच यंत्रावर काढून मी पोट भरतो, आणि ते आता माझ्या भाचीच्या हातून जाणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

फॉरवर्डमध्ये सात मुद्दे आहेत. ए4 पेक्षा लहान टॅबवर चित्र काढताच येत नाही. 8192 प्रेशर लेव्हल, म्हणजे पेनच्या दाबाच्या पायऱ्या, नसतील तर पैसे पाण्यात. बॅटरी नसलेला पेन मुलांच्या शरीरातली वीज ओढतो, त्याने हात थरथरतो. स्क्रीन नसलेला टॅब म्हणजे फसवणूक. डावखुऱ्यांना वेगळा टॅब लागतो. सॉफ्टवेअर महागडं लागतं, पण 'ही घ्या फुकट लिंक'. आणि मुलांचा हात बिघडून ती चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत नापास होतात.

आधी ती वीज. ताई, तू रोज मेट्रोचं कार्ड टेकवणारी नाहीस, पण पुण्याला आलीस तेव्हा माझं कार्ड तूच दाराला लावलं होतंस. त्या कार्डात बॅटरी होती? दाराच्या यंत्रातून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर त्यातली चिप क्षणभर जागी होते आणि उत्तर देते. पेनचंही तत्त्व तेच. टॅबच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते, ती क्षीण क्षेत्र सोडते. पेनमध्ये एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते, ती त्या क्षेत्रात आली की तिच्यात वीज निर्माण होते आणि पेन उलट संकेत पाठवतो. टोक दाबलं की त्या संकेतात किंचित फरक पडतो, त्यावरून टॅबला दाब कळतो. याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात, फॅरडेने ते 1831 मध्ये दाखवलं, आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते आहे. पेनला वीज मिळते ती टॅबकडून, टॅबला यूएसबीतून, यूएसबीला लॅपटॉपमधून. या सगळ्या साखळीत पोरीचा हात कुठेच नाही. खात्री करायची तर पेन टॅबपासून वीतभर वर धर. पडद्यावरचा बाण हलत नाही. हातातून वीज घेत असता तर तिथेही हलला असता.

हात थरथरतो हे मात्र पहिल्या आठवड्यात दिसतं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. टॅबचा पृष्ठभाग कागदापेक्षा गुळगुळीत, आणि हाताची लहानशी हालचाल पडद्यावर दुप्पट मोठी दिसते. माझ्याही पहिल्या रेघा गांडुळासारख्याच होत्या.

आता आकार. इथे मला दातओठ खात थोडं मान्य करावं लागतं, पण आधी आकडे. स्वस्तातल्या टॅबमध्ये वॅकॉम कंपनीच्या 'वन बाय वॅकॉम'चं छोटं मॉडेल सगळ्यांना माहीत असलेलं. कंपनीने दिलेली माहिती अशी: काम करण्याची जागा 152 बाय 95 मिलिमीटर, प्रेशर लेव्हल 2048, पेन बिनबॅटरीचा. 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा साधारण 345 मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे टॅबवर एक सेंटिमीटर हात सरकला की पडद्यावर सव्वादोन सेंटिमीटर रेघ येते. याची सवय होते. उलट ए4 चा टॅब भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर लॅपटॉपसकट मावणारच नाही, तो मांडीवर घेऊन बसावं लागेल. पण बाजारात चार इंच रुंदीचेही टॅब मिळतात, त्यांच्यावर हीच रेघ तिपटीहून मोठी होते. ते सही करायला किंवा पीडीएफवर खुणा करायला बरे. चित्रासाठी ते खरंच अपुरे, एवढ्यापुरतं फॉरवर्डवाला बरोबर. ताईने घेतलेला सहा इंची आहे.

भाचीची खरी तक्रार वेगळीच निघाली: "मामा, गोल काढला की अंडं येतं." रुंदी-उंचीचं प्रमाण या टॅबचं 16:10 आणि तिच्या लॅपटॉपच्या पडद्याचं 16:9. टॅबची पूर्ण जागा पडद्यावर ताणली गेली की प्रत्येक वर्तुळ उंचीपेक्षा साधारण 11 टक्के रुंद होतं. मी तिला फोनवरून एक प्रयोग करायला लावला. प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण टॅबवर ठेव आणि त्याच्या कडेने पेन फिरव. नाणं नको, धातूने पेनचे संकेत गडबडू शकतात. पडद्यावर चपटं अंडं आलं. मग ड्रायव्हरच्या (लॅपटॉपवरून टॅब चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये प्रमाण राखण्याचा पर्याय, वॅकॉममध्ये त्याला 'फोर्स प्रपोर्शन्स' म्हणतात, तो चालू केला. टॅबची खालची एक सेंटिमीटरभर पट्टी वाया गेली, पण झाकण गोल आलं. दुसरी तक्रार, रेघ उशिरा उमटते आणि पेनभोवती एक कडं फिरतं. ते विंडोजचं 'दाबून धरलं की राइट क्लिक' आहे, बंद करायचं. 'टॅब फसवा निघाला' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण या दोन सेटिंगांत असते असा माझा अनुभव.

8192 लेव्हलचं काय? नेहमीच्या 8 बिटच्या चित्रात रंग नसण्यापासून पूर्ण भरण्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. 2048 लेव्हलचा पेन त्याच्या आठपट पायऱ्या देतो, म्हणजे तेवढ्याही पुरून उरतात. पेन घेताना बघायचं ते हे की अगदी हलका स्पर्श त्याला कळतो का. ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

डावखुऱ्यांसाठी टॅब उलटा फिरवायचा आणि सेटिंगमध्ये 'लेफ्ट हँडेड' निवडायचं. संपलं. स्क्रीन नसलेला टॅब फसवणूक असेल तर माऊसही फसवणूकच, तो चालवताना कोण हाताकडे बघतं?

आता ती लिंक, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. फॉरवर्ड म्हणतो की कंपनीच्या साइटवर जाऊ नका, इथून ड्रायव्हर आणि फोटोशॉप दोन्ही एकत्र मिळेल, 'फक्त इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा'. म्हणजे चोर सांगतोय, कुत्रा बांधून ठेवा. ड्रायव्हर बसवताना विंडोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं. ती मिळाली की आलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर काहीही करू शकतो, कीबोर्डवर काय टाइप होतंय तेही टिपू शकतो. आणि लॅपटॉप भाचीचा नाही. त्याच्यावर दाजी दुकानाचं जीएसटी भरतात आणि बँकेचे व्यवहार करतात. सहा मुद्दे पालकांना घाबरवायला आणि एक गळाला लावायला, अशी या मजकुराची रचना मला वाटते.

ड्रायव्हर टॅब बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा, आणि आधी दुसऱ्या कंपनीचा असेल तर काढून टाकायचा. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. चित्रांसाठी क्रिटा (चित्र काढण्याचा प्रोग्रॅम) घ्या, तिच्या अधिकृत साइटवर फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर ती पैसे देऊन मिळते, प्रोग्रॅम तोच, पैसे प्रकल्पाला जातात. क्रिटात 4 आणि 6 ही बटणं दाबली की कागद फिरतो, 5 ने सरळ होतो. छोट्या टॅबवर मनगटाला सोयीचा कोन मिळवायला एवढं पुरतं. शिरोरेघेसारखी लांब रेघ मारायची तर आधी झूम आऊट करा, हाताच्या एका फटक्यात येते.

राहिली ग्रेड परीक्षा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असतं, सगळं कागदावर. जलरंगात पाणी किती घ्यायचं हे टॅब शिकवत नाही, आणि बोरूच्या तिरक्या काटाची जाड-बारीक रेघ स्वस्त टॅबच्या पेनला आपोआप जमत नाही, कारण तो हातात कसा वळतोय हे टॅबला कळत नाही. त्यामुळे फक्त टॅबवर बसून परीक्षा द्यायला गेली तर भाची अडखळेल, हे मी ताईला सांगितलं. पण टॅबमुळे तिचा हात बिघडेल हे कशावरून? मी आजही मुखपृष्ठाचा पहिला आराखडा पेन्सिलनेच काढतो, आणि माझी पेन्सिल टॅब आल्यापासून वाईट झालेली नाही. आधीही फार चांगली नव्हती.

काल रात्री भाचीने क्रिटात काढलेलं तिच्या मांजराचं चित्र ताईने पाठवलं. एक कान जरा मोठा आहे, पण डोळे गोल आहेत, अंड्यासारखे नाहीत. टॅब परत करणार नाही असंही कळवलं. ती लिंक कोणी उघडली होती का, हे मी दोनदा विचारलं. त्यावर अजून उत्तर नाही.